डायसच्या खालच्या खुर्चीवरून

सत्र न्यायालयाचा निकाल सगळ्यांत आधी ऐकतो तो लघुलेखक. आरोपी, फिर्यादी, वकील, पोलीस या सगळ्यांच्या आधी. चेंबरचं दार लोटलेलं असतं, न्यायाधीश सांगत जातात आणि आपण टंकत जातो. नंदुरबारच्या जिल्हा न्यायालयात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं याच कामात गेली. आधी शॉर्टहँडची वही आणि टाइपरायटर, मग थेट संगणक. उघड्या कोर्टात निकाल वाचला जाईपर्यंत त्यातलं अक्षरही बाहेर जाऊ द्यायचं नाही, घरातसुद्धा नाही, हा या कामाचा पहिला नियम. त्या बंद दाराआड मला जे दिसलं ते आवारात रोज वावरणाऱ्या वकिलांनाही दिसत नाही. निकाल देण्याआधी न्यायाधीशाला काय काय सोसावं लागतं, ते.

सगळ्यांत जास्त सोसावं लागायचं ते नोकरीच्या ठिकाणी जातीवरून झालेल्या वागणुकीच्या खटल्यांत. खुनाच्या खटल्यात दोन घरं समोरासमोर असतात. इथे पहिल्या तारखेपासून दोन समाज उभे राहतात, दोन संघटना, आणि बऱ्याचदा एकाच कार्यालयातले दोन गट.

आमचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत इथले ६९ टक्क्यांहून जास्त लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा. या घरांतली पोरं आश्रमशाळेत शिकली, परीक्षा देऊन तलाठी, ग्रामसेवक, परिचारिका, लिपिक झाली. पहिल्या पिढीची नोकरी म्हणजे सगळ्या पाड्याचा आधार. आणि कार्यालयात पाऊल टाकल्या दिवसापासून कानावर येतं, 'कोट्यातून आलेत.' पुढचं सगळं किरकोळ वाटावं असं असतं. टेबल पॅसेजमध्ये लावायचं. महत्त्वाची फाईल हातात द्यायची नाही. रजेच्या अर्जावर सही करायची नाही. वर्ष संपताना गोपनीय अहवालात एक ओळ लिहून ठेवायची. यातला फारच थोडा भाग कुठल्या कायद्यात बसतो. जो बसतो तो १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्यात, ज्याला सगळे नुसतं 'अ‍ॅट्रॉसिटी' म्हणतात. त्याचा खटला विशेष न्यायालयात चालतो. विशेष न्यायालय म्हणजे आमच्याकडचेच सत्र न्यायाधीश. वेगळी इमारत नाही की वेगळा बंदोबस्त नाही.

एका खटल्याबद्दल सांगते. कार्यालय कुठलं, माणसं कोण, साल कोणतं हे सांगणार नाही. फिर्यादी धडगावकडच्या एका पाड्यावरची मुलगी, राज्य शासनाच्या एका कार्यालयात लिपिक. तिची तक्रार तीन गोष्टींची होती. साहेब केबिनमध्ये बोलावून जातीवरून घाणेरडं बोलले, हा पहिला प्रसंग. दुसरा हॉलमध्ये, बैठकीसाठी सगळे जमले असताना. तिसरी गोष्ट म्हणजे गोपनीय अहवालातला शेरा, कामाची कुवत नाही असा.

उलटतपासणी बराच वेळ एका दारावरच अडली. केबिनला दार होतं की पडदा? दार होतं तर उघडं होतं का? उघडं होतं तर शिपाई कुठे उभा होता? बाहेरच्या माणसाला हे निरर्थक वाटेल, पण खटल्याचा सगळा जीव त्यातच होता. जातीवरून केलेला अपमान 'लोकांच्या नजरेसमोर' झाला असेल तरच या कायद्याच्या कलम ३ मध्ये तो गुन्हा ठरतो. तमिळनाडूतल्या एका महसूल निरीक्षकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२५ रोजी हेच पुन्हा सांगितलं. कार्यालयाच्या खोलीत, चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी हजर नसताना बोललेलं यात बसत नाही. कायद्याचा अर्थ म्हणून ते बरोबरच असेल. पण कार्यालयांत पन्नास माणसांचं ऐकत मी उभं आयुष्य काढलंय, म्हणून सांगते. नोकरीतला अपमान शक्यतो केबिनमध्येच होतो. साहेब हॉलमध्ये जपून बोलतात.

त्या मुलीला आरोपीच्या वकिलांनी विचारलं, कार्यालयात कूलर असताना तुम्ही पाणी प्यायला बाहेरच्या माठाकडे का जात होता? तिचा चिडखोर, तऱ्हेवाईक स्वभाव दाखवायचा असावा त्यांना. ती म्हणाली, कूलरला हात लावू नको म्हणून सांगितलं होतं. कोर्टात एकदम शांतता झाली. वकील पुढच्या प्रश्नाकडे वळले आणि मी नेहमीच्या साच्यात पुढचं वाक्य टंकलं, 'हे म्हणणे खरे नाही की मी सूडबुद्धीने खोटी साक्ष देत आहे.'

सहकारी साक्षीदारांपैकी बहुतेक फितूर झाले. ज्या साहेबाविरुद्ध बोलायचं त्याच्याच हाताखाली उद्या बसायचं, त्यांना तरी काय म्हणावं! हॉलमधल्या प्रसंगाचे दोघे मात्र टिकले. त्यातला एक निवृत्तीला आलेला होता, दुसरी सफाईचं काम करणारी बाई.

या खटल्यात दोन्ही बाजूंचे वकील एकाच निकालाचा हवाला पुन्हा पुन्हा देत होते, सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य. हे प्रकरणही कार्यालयातलंच, आपल्या कराडचं. तिथल्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातल्या एका अनुसूचित जातीच्या कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी प्रतिकूल शेरा मारला. त्याने २००६ मध्ये गुन्हा नोंदवला. वरिष्ठांवर खटला भरायला परवानगी हवी होती, ती २०११ मध्ये तंत्रशिक्षण संचालक असलेल्या महाजनांनी नाकारली. मग २०१६ मध्ये खुद्द महाजनांवर गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला आणि प्रकरण दिल्लीला गेलं. २० मार्च २०१८ रोजी न्यायमूर्ती आदर्शकुमार गोयल आणि न्यायमूर्ती उदय लळित यांनी महाजनांविरुद्धचा खटला रद्द केलाच, आणि पुढे जाऊन साऱ्या देशासाठी सूचना घातल्या. आधी प्राथमिक चौकशी करा, वरिष्ठांच्या मंजुरीशिवाय अटक नको.

कराडच्या एका कार्यालयातल्या एका शेऱ्यातून काय उभं राहिलं! २ एप्रिल २०१८ रोजी भारत बंद झाला, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात माणसं दगावली. ऑगस्टमध्ये संसदेने कायद्यात १८-अ हे कलम घालून त्या सूचना निष्प्रभ केल्या. १ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच तीन न्यायमूर्तींनी, अरुण मिश्रा, एम. आर. शहा आणि भूषण गवई यांनी, त्या सूचना मागे घेतल्या. १० फेब्रुवारी २०२० रोजी दुरुस्तीही वैध ठरली. मधल्या काळात न्यायमूर्ती गोयल ६ जुलै २०१८ रोजी निवृत्त झाले आणि राष्ट्रीय हरित लवादाचे अध्यक्ष झाले, तर सत्तेतल्याच एका मित्रपक्षाने त्यांना तिथून काढा अशी जाहीर मागणी केली. हरित लवादाचं काम नदी-नाल्यांचं, कारखान्यांच्या धुराचं. रोष होता तो जुन्या निकालाचा.

मला स्वतःला तो निकाल पटला नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर कूलरला हात लावायची बंदी असलेली माणसं होती. खोट्या फिर्यादीची भीती त्यांच्यासमोर फार लहान वाटायची. पण निकाल चुकला तर तो बदलायची वाट असते, पुनर्विलोकन असतं, संसद असते, आणि या प्रकरणात दोन्ही वाटा चालल्या. निकाल लिहिणाऱ्या माणसाच्या मागे लागणं ही तिसरी वाट. दिल्लीत ती कितपत बोचते कोण जाणे. तालुका-जिल्ह्याच्या गावात ती फार बोचते.

कारण इथला न्यायाधीश गावात परका असतो. स्वतःच्या जिल्ह्यात नेमणूक नाही, तीन वर्षं झाली की बदली. गावात नातेवाईक नाहीत, मित्र करायचे नाहीत, कुणाच्या लग्नाला जायचं तर विचार करून. भाजी घ्यायला गेलं तरी शेजारी आरोपीचा मेहुणा उभा असू शकतो. कुणी वाटेल ते बोललं तरी उत्तर देता येत नाही. न्यायाधीशाने बोलायचं ते फक्त निकालातून. आमच्या खटल्यातल्या न्यायाधीश बाई, आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणायचो, शाळेत जाणाऱ्या मुलासह सरकारी निवासस्थानात राहत होत्या. साक्षी सुरू झाल्या आणि त्यांच्याविरुद्ध निनावी पत्रं जाऊ लागली. एकात लिहिलं होतं की त्यांनी साहेबांकडून पैसे घेतले, दुसऱ्यात की त्या आदिवासी संघटनेला विकल्या गेल्या. गेटवर एका बाजूचा मोर्चा आला, पुढच्या तारखेला दुसऱ्या बाजूचा. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी त्यांचा फोटो फिरवला, मुलाला शाळेतून आणतानाचा. तो फोटो दाखवायला त्यांनी मला आत बोलावलं आणि पुढच्याच वाक्याला विचारलं, 'ताई, आज बोर्डावर किती मॅटर आहेत?'

धनबादची बातमी आली तेव्हा आमच्याकडे दुसरे एक न्यायाधीश होते. २८ जुलै २०२१ रोजी पहाटे अतिरिक्त सत्र न्यायाधीश उत्तम आनंद धावायला गेले होते. रस्ता मोकळा असताना एक रिक्षा मुद्दाम कडेला वळली, मागून त्यांना उडवून निघून गेली. कॅमेऱ्यात सगळं आलं होतं आणि ते आमच्या सगळ्यांच्या मोबाईलवर पोहोचलं. सीबीआयने तपास केला, बरोबर वर्षाने दोघे दोषी ठरले, त्यांना जन्मठेप झाली. आमचे न्यायाधीश रोज पहाटे गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्यांपर्यंत एकटे चालत जायचे. त्या आठवड्यापासून ते निवासस्थानाच्या कंपाउंडमध्येच फेऱ्या मारायला लागले. त्याबद्दल ते कुणाशी काही बोलले नाहीत. शिपायाने पाहिलं म्हणून आम्हाला कळलं.

त्याहून जुनी एक गोष्ट आमचे जुने शिरस्तेदार सांगायचे. सुरतेच्या पुढच्या नडियादची. तिथल्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी पोलीस समन्स-वॉरंट वेळेवर बजावत नाहीत म्हणून तक्रारी केल्या होत्या. २५ सप्टेंबर १९८९ रोजी पोलिसांनी त्यांना ठाण्यात बोलावलं, मारहाण केली, जबरदस्तीने दारू पाजली, हातकड्या घातल्या, दोरीने बांधलं आणि फोटो काढले. देशभरातल्या न्यायाधीशांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ११ सप्टेंबर १९९१ च्या निकालात पोलीस निरीक्षकासह इतरांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षा झाली, आणि न्यायाधीशाला अटक करायची तर काय पाळायचं त्याचे नियम ठरले. शिरस्तेदार ही गोष्ट प्रत्येक नव्या बेलीफला सांगायचे.

पण मारहाण, रिक्षा ही टोकाची उदाहरणं. रोजची भीती कागदाची असते. एका बाजूला जामीन दिला तर का दिला, नाकारला तर का नाकारला. न्यायाधीशाचाही दरवर्षी गोपनीय अहवाल लिहिला जातो, त्याच्याही निकाली काढलेल्या कामाचे युनिट मोजले जातात, त्याचीही चौकशी लागते. बिहारमधल्या एका न्यायाधीशावर जामिनाच्या आदेशावरून खातेनिहाय कारवाई झाली होती. २६ सप्टेंबर २०१९ रोजी, कृष्णप्रसाद वर्मा यांच्या या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि सांगितलं की नुसता आदेश चुकला म्हणजे गैरवर्तन झालं असं नव्हे. सुटका झाली, पण तोवर त्या माणसाची नोकरीची किती वर्षं त्यात गेली. आमच्या खटल्यात विषयच होता एका कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालातल्या शेऱ्याचा. अशा एका ओळीची भीती काय असते हे डायसवर बसलेल्या बाईंना पुरतं ठाऊक होतं.

आता मला जे सांगायचं आहे ते हे. घाबरलेल्या न्यायाधीशाला सगळ्यांत सुरक्षित आदेश असतो तारीख. निर्दोष सोडलं तर एक मोर्चा, शिक्षा दिली तर दुसरा, इकडे आड तिकडे विहीर. तारीख दिली तर कुणीच काही म्हणत नाही. कारणं तयारच असतात. साक्षीदार गैरहजर, तपास अधिकाऱ्याची बदली, वकिलांचा मुदतीचा अर्ज. सगळी खरी कारणं. रोजनाम्यात एक ओळ लिहिली की झालं. तीन वर्षं अशीच ढकलली की बदली होते आणि निकाल पुढच्या माणसाच्या गळ्यात पडतो. हे मी होताना पाहिलंय, आणि करणारी माणसं वाईट नव्हती.

त्या तारखेची किंमत कोण भरतं? धडगावहून निघालेली मुलगी भरते. पहाटे जीप पकडायची, चांदसैलीचा घाट उतरायचा, तळोद्यावरून नंदुरबार, दुपारी पुकारा, आणि दहा मिनिटांत पुढची तारीख. होळीच्या सुमाराला तर सातपुड्यातला एकही साक्षीदार खाली उतरत नाही, तो महिना गेलाच. त्यातून ती रजा कुठे मागणार? ज्या कार्यालयाविरुद्ध साक्ष द्यायची त्याच कार्यालयात. अर्जात कारण लिहायचं, 'न्यायालयीन कामासाठी'. कधी बिनपगारी व्हायची, कधी अर्जच सापडायचा नाही. न्यायाधीशाला घाबरवणारे दोन्ही बाजूंचे लोक आपण न्यायासाठी लढतोय असं समजत असतात. त्यांच्या घोषणांनी त्या मुलीच्या खटल्याला किती महिने जास्त लागले हे त्यांच्यापैकी कुणालाच मोजावंसं वाटलं नाही.

म्हणून मला मॅडमचं मोठं वाटतं. त्यांनी तारखा दिल्या नाहीत. शेवटी शेवटी तर त्या साक्षी सलग नोंदवायच्या, दुपारचा डबा चेंबरमध्ये तसाच राहायचा. खटला दुसऱ्या कोर्टात वर्ग करावा असा अर्ज आला तेव्हा आम्हाला वाटलं, सुटल्या. त्यावर त्यांचं मत मागवलं गेलं तर त्यांनी लिहून दिलं की आपली काही हरकत नाही, पण साक्षी संपत आल्या आहेत. अर्ज फेटाळला गेला.

डिक्टेशन दोन दिवस चाललं. बाहेर रस्त्यावर घोषणा होत्या, त्यांनी उठून खिडकी लावली आणि पुन्हा सांगायला लागल्या. केबिनमधला प्रसंग: दार बंद होतं, बाहेरचं कोणी ऐकल्याचा पुरावा नाही, गुन्हा सिद्ध होत नाही. हॉलमधला प्रसंग: दोन साक्षीदार उलटतपासणीत टिकले, सिद्ध. मधे थांबून म्हणाल्या, 'ताई, ते माठाचं उत्तर पुन्हा वाचा.' मी वाचलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग त्यावर एक परिच्छेद सांगितला, की या उत्तरावर पुढे एकही प्रश्न विचारला गेलेला नाही आणि न्यायालय ते खरं मानतं. त्या परिच्छेदासाठी काही त्यांना युनिट मिळणार नव्हते.

निकालाच्या दिवशी आवारात पोलीस होते. कायद्यातली किमान सहा महिन्यांची शिक्षा झाली, अपिलासाठी ती स्थगितही झाली. दोन्ही बाजू नाराज. एका बाजूला वाटलं, केबिनमधलं सोडून देऊन साहेबाला वाचवलं. दुसऱ्या बाजूला वाटलं, मोर्चाला घाबरून शिक्षा दिली. अपील औरंगाबाद खंडपीठात गेलं. उन्हाळ्यात मॅडमची बदली झाली, ठरल्या वेळेला झाली, तरी गावात बोललं गेलं की हलवलं.

त्यानंतर काही वर्षांनी, ६ ऑक्टोबर २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयात भर सुनावणीत एका वकिलाने सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या दिशेने बूट फेकायचा प्रयत्न केला. २०१९ च्या त्या तीन न्यायमूर्तींतले गवई, अमरावतीचे. त्यांनी सुनावणी पुढे चालू ठेवली. टीव्हीवर ते पाहताना माझ्या मनात आलं, हा माणूस देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयात, सुरक्षारक्षकांच्या गराड्यात बसलेला आहे. नवापूरच्या, शहाद्याच्या कोर्टात साक्षीदाराचा पिंजरा आणि डायस यांत चार पावलांचं अंतर असतं, आणि दाराशी असतो एक पट्टेवाला. धनबादनंतर सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांच्या सुरक्षेची दखल स्वतःहून घेतली, ते योग्यच झालं. कॅमेरे आणि पोलीस हवेतच. पण मॅडमना त्या दिवसांत पोलिसापेक्षा गरज होती ती वरून एका फोनची, तुम्ही काम करत राहा, पत्रांचं आम्ही बघतो असं सांगणाऱ्या. तो आला की नाही ते मला माहीत नाही, पण त्यांचा चेहरा बघून आला असावा असं कधी वाटलं नाही.

आणि त्या मुलीचा शेरा? तो तसाच राहिला. फौजदारी न्यायालय अपमानाबद्दल शिक्षा देऊ शकतं, गोपनीय अहवालातली ओळ खोडू शकत नाही. त्यासाठी आधी वरिष्ठांकडे अर्ज, तिथे दाद लागली नाही तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, ज्याला सगळे मॅट म्हणतात. म्हणजे नवा वकील, नवी फी, नंदुरबारऐवजी औरंगाबादच्या तारखा. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी ती नक्कल विभागाच्या खिडकीवर आली होती. प्रमाणित प्रतीचे दोन अर्ज भरले तिने, एक अपिलात हजर व्हायला लागेल म्हणून, दुसरा मॅटसाठी. कारकुनाने विचारलं, तातडीची हवी का? ती म्हणाली, हो, आणि जादा शुल्क मोजून दिलं.